नोरा कितवीत आहे

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ओमानमध्ये, अल खौदच्या वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, काठावरल्या एका मैदानावर माझ्या मित्राच्या डोक्याला मार बसला. असं कधी झालं तर काय विचारायचं, हे त्याने मला आधीच शिकवून ठेवलं होतं. मी ते विचारलं नाही. विसरलो, असं नाही. उत्तर चुकणार हे मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि चुकलं असतं तर त्याला बाहेर बसवावं लागलं असतं. मला त्याला बसवायचं नव्हतं.

त्याचं नाव वेंडेल. मी फिजिओथेरपिस्ट, मूळचा देवरुखचा. तेव्हा अल खौदमध्ये एका पॉलिक्लिनिकमध्ये नोकरीला होतो. एका सकाळी हा गुडघा धरून आत आला. उंच, सडसडीत, काळा, चाळिशीला टेकलेला अमेरिकन. जवळच्या एका खासगी शाळेत तो खेळाचा शिक्षक म्हणून लागला होता. त्याला टेबलावर झोपवून मी मशीन ओढत होतो, तेवढ्यात माझ्या कोपराने जेलची बाटली ट्रॉलीवरून खाली गेली. त्याने पडल्यापडल्या हात खाली सोडला आणि फरशीच्या वीतभर वर ती धरली. पण मला आठवतं ते पुढचं. बाटली हातात आल्यावरही तो तिच्याकडे बघतच होता, ती अजून निसटेल अशा नजरेने.

पुढे पाहिलं, तर त्याचं सगळ्याच बाबतीत असं. गाडीची चावी फेका, दुकानातून संत्रं फेका, नजर शेवटपर्यंत त्या वस्तूवर. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "हात नंतर, डॉक. आधी डोळे. चेंडू हातात आला असं तुला वाटतं ना, तेव्हा तो आलेला नसतो. अजून थोडं बघायचं असतं." आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, ते इथे मराठीत मांडतो आहे. तो मला पहिल्या दिवसापासून 'डॉक' म्हणायचा. मी डॉक्टर नाही हे मी त्याला दोनतीनदा सांगितलं, मग सोडून दिलं. आमच्या मराठी मंडळींतही मला डॉक्टरच म्हणत, आणि ते मला आवडत होतं.

वेंडेल अमेरिकन फुटबॉलमधला रिसीव्हर होता. हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबट, आणि तो हाताने फेकायचा. रिसीव्हरने ठरलेल्या वाटेने जीव तोडून पळायचं. चेंडू त्याच्याकडे फेकत नाहीत, तो जिथे पोचणार आहे तिथे फेकतात. आणि त्याच जागी, त्याच वेळी, समोरच्या संघाचा एखादा धिप्पाड गडी त्याला आडवा करायला पोचतो. रिसीव्हरला तो येताना ऐकू येतो, पण बघता येत नाही, कारण डोळे चेंडूवर. वेंडेलच्या डाव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नसत. मी ती बोटं शेकत असताना एकेका बोटाबरोबर एकेका गावाचं नाव निघायचं.

त्याचं लहानपण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात गेलं. आई कोंबड्या सोलण्याच्या कारखान्यात कामाला. बाप दारूपायी लवकर गेला, म्हणून वेंडेलने आयुष्यात थेंब घेतला नाही. आमच्या पार्टीतही त्याच्या हातात लबानचा, म्हणजे तिथल्या ताकाचा, पेला असायचा. पळण्याच्या जोरावर कॉलेजात फुकट शिकला, नि तिथून देशातल्या सगळ्यांत मोठ्या लीगमध्ये गेला. पण गेला म्हणजे कसा? तो सरावाच्या तुकडीत होता. येत्या रविवारी ज्या संघाशी सामना, त्या संघाच्या रिसीव्हरची नक्कल करत आठवडाभर पळायचं, आपल्याच लोकांकडून आपटून घ्यायचं आणि रविवारी साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं.

"मी सगळ्या मोठ्या रिसीव्हरसारखा पळालोय," तो सांगायचा. "प्रत्येकाची चाल मला येते. माझी स्वतःची कशी होती ते मात्र कुणी बघितलं नाही."

खरे सामने त्याच्या वाट्याला थोडे आले, आणि त्यांतला एक झेल टीव्हीवर दाखवला गेला. मग एका मंगळवारी निरोप आला, कोचनी बोलावलंय, डावपेचांचं पुस्तक घेऊन ये. पुस्तक आणायला सांगितलं की काय समजायचं हे तिथे सगळ्यांना कळतं. ते परत दिलं की तुम्ही त्या संघाचे नाही. असं त्याच्या बाबतीत वेगवेगळ्या गावांत झालं. शेवटी कॅनडात खेळला, मग बंद हॉलमधल्या लहान लीगमध्ये. तिथे भिंतीवर आदळून गुडघा गेला आणि खलास. लग्नही त्याच सुमारास मोडलं. मुलगी नोरा आईकडे. कॉलेजातला एक सोबती आखातातल्या शाळांत शिकवत होता, त्याच्या ओळखीने हा इथे आला.

दर शुक्रवारी आम्ही टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो. मैदान म्हणजे दाबून सपाट केलेली खडी आणि मधोमध सिमेंटची पट्टी. संघ जमवायचे नासिरभाई. त्यांचं गाव राजापूरकडचं, दुकान किनाऱ्यावरच्या सहम गावात. पहाटेच्या नमाजानंतर गाडी काढून एवढ्या लांबून यायचे आणि यष्टींमागे उभे राहायचे. त्यांची अट एकच, सामना जुम्म्याच्या नमाजाआधी संपला पाहिजे. कर्णधार मी होतो. वेंडेल एका शुक्रवारी नुसता बघायला आला आणि आमच्याकडे एक माणूस कमी होता म्हणून सीमेवर उभा राहिला.

त्या दिवशी उंच उडालेला चेंडू बघून त्याने चेंडूकडे पाठ केली आणि पळत सुटला. आम्ही म्हटलं, गेला हा. पण त्याला चेंडू कुठे पडणार ते आधीच कळलेलं होतं. तिथे पोचून त्याने खांद्यावरून वळून पाहिलं आणि चेंडू धरला. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर तो गोंधळला.

"एवढ्याशा कॅचला टाळ्या? कुणी मारायला तर येत नव्हतं."

नासिरभाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "वेंडलभाय, तुमच्याकडे कॅच घेतला की मारतात?"

"हो."

"आणि सुटला तर?"

"तरी मारतात."

नासिरभाईंनी थोडा विचार केला. "मग घेतलेला बरा."

वेंडेल खडीवर बसून हसला. म्हणाला, "माझ्या कोचने हे समजवायला मला अख्खा उन्हाळा पळवलं होतं." तेव्हापासून तो आमचा झाला. बॅट तो झाडूसारखी धरायचा, म्हणून शेवटी यायचा. पण त्याच्या बाजूला फटका मारायची लोकांना भीती वाटायला लागली. नाताळच्या सुट्टीत नोरा आली होती. ती कडेला बसून नासिरभाईंनी आणलेले खजूर खायची, आणि बापाच्या हातून एखादा चेंडू निसटला की घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखी मान हलवायची. तेव्हा ती सहावीत होती.

ती परत गेल्यानंतर एकदा तो टेबलावर पडला होता. मी गुडघा वाकवत होतो, आणि त्याने मला एक गंमत सांगितली. त्यांच्या संघात हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा घ्यायचे. काही शब्द ऐकवायचे, ते लक्षात ठेवून सांगायचे, एका पायावर उभं राहायचं. पुढे कुणाला मार बसला की तीच परीक्षा परत. मार्क घसरले तर घरी बसा. "मग आम्ही काय करायचो, डॉक? पहिल्यांदाच मुद्दाम नापास व्हायचो. शब्द विसरायचे, पाय टेकायचा. मग नंतर कितीही लागलं तरी मार्क तेवढेच." आम्ही दोघंही हसलो. मग त्याचं हसणं थांबलं.

"मी आठवडाभर बसलो असतो तर माझ्या जागी दुसरा आला असता. म्हणून मी कधी बसलो नाही. काही सामने मला आठवतच नाहीत. टीव्हीवर दाखवलेला तो झेलसुद्धा मी टीव्हीवरच बघितलाय." पुढे म्हणाला, "तुला एक सांगून ठेवतो. मला इथे कधी डोक्याला लागलं ना, तर 'ठीक आहेस का' असं विचारू नकोस. रिसीव्हर नेहमी ठीक असतो. मला विचार, नोरा कितवीत आहे. मार बसला की माझी मधली वर्षं जातात. चुकलो, तर हात धरून बाहेर बसव. शिव्या दिल्या तरी बसव. मी सांगतोय म्हणून."

मी त्याला शब्द दिला.

फेब्रुवारीत अंतिम सामना होता, इब्रा गावच्या संघाशी. आदल्या दोन्ही वर्षी आम्ही त्यांच्याकडूनच हरलो होतो. हे सगळं किती लहान होतं ते आता कळतं. चषक प्लास्टिकचा, वरून सोनेरी मुलामा. पण मी शाळेत राखीव खेळाडू, कॉलेजात गुण मोजणारा, आणि इथे पॉलिक्लिनिकमध्ये खऱ्या डॉक्टरांच्या हाताखालचा. त्या दिवशी इब्राची शेवटची जोडी खेळत होती, चार ओव्हर उरल्या होत्या आणि त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. मशिदीकडे जाणाऱ्या गाड्या मागच्या रस्त्यावरून निघायला लागल्या होत्या. नासिरभाई मधूनमधून घड्याळ बघत होते.

फटका वेंडेलच्या डोक्यावरून गेला. तो पाठ करून पळाला आणि पुढे झेपावला. बोटांना लागून चेंडू उडाला, आणि तो हवेतच उलटा फिरून पाठीवर पडला. डोक्याची मागची बाजू खडीवर आपटली. तो आवाज मी लाँग-ऑनवरून ऐकला. चेंडू सीमेपार गेला नव्हता, फलंदाज पळत होते. मी आधी चेंडू उचलून फेकला. मग त्याच्याकडे गेलो.

तो उठून बसला होता. डोळे उघडे, पण ते माझ्यावर येऊन टेकत नव्हते. ज्या माणसाला हातात आलेल्या वस्तूवरून नजर काढता यायची नाही, त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरत होती. मला जे करायचं होतं ते ठाऊक होतं. बाहेर आमचा राखीव खेळाडू बूट बांधून बसलेला होता, तोही मला दिसत होता.

मी विचारलं, "ठीक आहेस ना?"

तो म्हणाला, "ठीक आहे, डॉक."

नासिरभाई ग्लव्हज काढत आले. "डॉक्टर, ह्याचे डोळे बघा जरा. बसवू या का ह्याला?"

"मी बघितलंय, नासिरभाई. काही नाही. चला, वेळ जातोय."

"तुम्ही म्हणत असाल तर," ते म्हणाले आणि परत गेले. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मी डॉक्टर होतो ना.

मी वळून पाहिलं तेव्हा वेंडेल सीमेवर एक पाय पुढे टाकून, कमरेत वाकून उभा होता आणि मान फिरवून आतल्या बाजूला बघत होता. क्षेत्ररक्षक असा उभा राहत नाही. फुटबॉलमध्ये चेंडू सुटायची वाट बघणारा रिसीव्हर असा उभा राहतो. तो दुसऱ्याच मैदानावर होता. पोरांना वाटलं, गंमत करतोय. कुणी तरी शिट्टी वाजवली. मला कळलं होतं, आणि मी गोलंदाजाला हात केला, यल्ला, टाक.

त्यानंतर त्याच्याकडे एकच चेंडू गेला. तो वेळेआधीच सुटला, ठरलेल्या कुठल्या तरी वाटेने पळत आत आला, वळला आणि स्वतःच्याच पायात अडकून तोंडावर पडला. पुन्हा डोकं आपटलं. तोवर दुसऱ्या कुणी तरी झेल घेतला होता आणि आम्ही जिंकलो होतो. सगळे माझ्याकडे धावले, मला उचललं. उचललेला असताना मला लांबून दिसत होतं, वेंडेल नासिरभाईंच्या गाडीला धरून ओकत होता.

"उन्हामुळे झालं असेल," मी खाली उतरल्यावर नासिरभाईंना म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "फेब्रुवारीत?" एवढंच बोलले. मग अजान झाली आणि ते गेले.

मी वेंडेलला इस्पितळात नेलं नाही. घरी सोडलं, पडून राहायला सांगितलं. इस्पितळात नेलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं की मार बसल्यावर याला कुणी तपासलं. पुढच्या आठवड्यात तो क्लिनिकमध्ये आला. त्याला सामन्यातलं काही आठवत नव्हतं. आपण जिंकलो हे त्याला पोरांनी सांगितलं होतं. टेबलावर बसून तो म्हणाला, "पडलो होतो म्हणे मी. तू मला विचारलंस ना, डॉक?"

मी म्हटलं, "हो."

"आणि मी बरोबर सांगितलं?"

"हो. बरोबर सांगितलंस."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग ठीक आहे. चुकलो असतो तर तू मला बसवलंच असतंस."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन. त्यातलं हे सगळ्यांत महागात पडलं, आणि मला नाही, त्याला. त्या दिवसापासून त्याने तो मार हिशेबातूनच काढून टाकला. डोकं दुखायचं, उजेड सहन व्हायचा नाही, चालताना तोल जायचा, दुपारनंतर जीभ जड व्हायची. तो मला म्हणायचा, "बापाचं काही तरी माझ्यात उतरलंय, डॉक. न पिताच." त्याला स्वतःचाच संशय यायला लागला. मी गुडघ्याला शेक देत राहिलो.

शाळेत मुलांसाठी शिट्टी वाजवताना तो एकदा भेलकांडला. एका पालकाने तक्रार केली की सर पिऊन येतात. त्या देशात शाळेच्या मास्तरावर असा आळ आला की पुढे फारशी चौकशी होत नाही. तरी मुख्याध्यापिका बाई सरळ होत्या. त्यांनी मला फोन केला.

"ते तुमच्याकडे येतात ना उपचाराला? त्यांना काही आजार आहे का? डोक्याला मार वगैरे? तसं असेल तर मी व्यवस्थापनाशी बोलू शकते."

मी क्लिनिकच्या मागच्या खोलीत उभा होतो. माझं लायसन्स, व्हिसा, मुलाची शाळा, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "माझ्याकडे ते फक्त गुडघ्यासाठी येतात, मॅडम."

हे खरं होतं. कुणी तपासलं असतं तर खरंच निघालं असतं.

त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. जाण्याआधी तो माझ्याकडे बसला होता. "मी पीत नाही हे तुला माहीत आहे, डॉक. त्यांना तू सांगितलं असशीलच." मी मान हलवली. तिचा अर्थ कसाही लावता आला असता. विमानतळावर त्याला सोडायला नासिरभाई आणि मी गेलो. नासिरभाईंनी खजुराचा डबा दिला. वेंडेलने तो दोन्ही हातांनी घेतला, पण बघत होता तो भलतीकडेच, दरवाज्याकडे. डबा निसटला आणि खजूर फरशीवर सांडले. तो खाली बसून एकेक उचलत राहिला. नासिरभाई माझ्याशी न बोलता त्याच्या शेजारी बसले आणि उचलू लागले. मी त्याच्या सामानाशेजारी उभा राहिलो.

बऱ्याच वर्षांनी मला अमेरिकेतून फोन आला. नोरा होती. आवाज आता मोठ्या बाईचा झाला होता. वेंडेल जिन्यावरून पडून वारला होता. शेवटची वर्षं त्याला नोकरी टिकवता आली नव्हती, आणि ती त्याला फारशी भेटलीही नव्हती.

"आई म्हणते, बाबा ओमानमध्ये प्यायला लागले, म्हणून शाळेने काढलं. मी त्यांच्याशी त्यावरून बोलणं सोडलं होतं. ते नाही म्हणायचे, पण सगळेच नाही म्हणतात. तुम्ही त्यांचे मित्र होतात. तुम्हाला काही माहीत आहे का?"

ती वाट बघत होती हे मला ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "तुझे वडील फार चांगले होते. बाकीचं मला नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "थँक यू, अंकल," आणि फोन ठेवला.

तिचे वडील ओमानमध्ये पीत नव्हते. त्यांच्या डोक्याला मार बसला होता, तो मी पाहिला होता, ओळखला होता, आणि तरी मी त्यांना पुन्हा मैदानात उभं केलं. नंतर त्यांच्याशी आणि त्यांच्याविषयी खोटं बोललो. हे मी आज सगळं लिहिलं, पण मराठीत लिहिलं, आणि नोराला मराठी येत नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिला फोन करून हेच तिला कळेल अशा भाषेत, माझ्या तोंडाने सांगणं मी अजून देणं लागतो.